मायट्रल झडपेसह व्यायाम : माझी तीन वर्षे

बँकेतल्या वार्षिक आरोग्य तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप माझ्या छातीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला, मला डाव्या कुशीवर वळायला सांगून पुन्हा एकदा ऐकले आणि चिठ्ठीवर ‘टू-डी इको’, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी तपासणी, असे लिहून दिले. मी तेव्हा ४६ वर्षांची होते. रोज सकाळी २४ सूर्यनमस्कार घालत होते, वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घरापासून कमाटीबागेपर्यंत चालत जाऊन बागेत फेऱ्या मारून परत येत होते, आणि मला कसलाही त्रास नव्हता. इकोच्या अहवालात मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स, म्हणजे हृदयाच्या मायट्रल झडपेची पाकळी मिटताना मागे फुगणे, आणि त्यासोबत सौम्य गळती असे निदान आले. अहवाल देणाऱ्या डॉक्टरांनी ‘काही विशेष नाही, पण जरा जपून राहा’ असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. जपून म्हणजे नेमके काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नापायी माझे पाच महिने गेले आणि त्या पाच महिन्यांनी झडपेपेक्षा जास्त नुकसान केले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हृदयाची झडप हे शब्द आमच्या घरात नवे नव्हते. माझ्या आत्याला लहानपणी घसा दुखून ताप आला होता, मग सांधे सुजले, आणि काही वर्षांनी ती जिना चढताना मध्येच पायरीवर बसू लागली. स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी होणाऱ्या घशाच्या आजारानंतर काही मुलांना जो ऱ्हुमॅटिक ताप येतो, त्यात झडपेच्या पाकळ्यांना इजा होते आणि त्या पुढे एकमेकींना चिकटून जाड होतात; आत्याची मायट्रल झडप त्यामुळे अरुंद झाली होती. तिला मुंबईला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली, आणि पुढची कित्येक वर्षे तिने दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतले. माझ्या अहवालातही ‘मायट्रल’ हाच शब्द होता. घरच्यांनी तो वाचला आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आत्याच उभी राहिली.

त्या दिवसापासून माझे नमस्कार बंद झाले. सासूबाईंनी पाण्याची कळशी माझ्या हातातून काढून घेतली, यजमानांनी बागेत जाऊ नकोस म्हणून विनवले, आणि बँकेत मी दुसऱ्या मजल्यावर जाण्यासाठीही लिफ्ट वापरू लागले. हे सगळे प्रेमापोटी होते, यात शंका नाही. पण मला हेही कबूल केले पाहिजे की ती विश्रांती मला स्वतःलाच हवी होती, कारण रात्री डाव्या कुशीवर झोपले की छातीतला ठोका कानात ऐकू येई आणि आता हा चुकणार, अशी भीती वाटे. पाच महिन्यांत वजन चार किलोने वाढले. एकदा लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढावा लागला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर पोहोचता पोहोचता मला धाप लागली. झडप बिघडली, अशी माझी खात्री झाली आणि मी दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

या डॉक्टरबाई गुजराती आहेत, पण वडोदऱ्यातल्या अनेक गुजराती माणसांप्रमाणे त्यांना मराठी उत्तम कळते. त्यांनी आधी रक्तदाब मोजला. तो १४४/९० होता. बँकेच्या तपासणीत तो ११८/७६ होता. मग त्यांनी माझे आधीचे दिनक्रम विचारले, आणि मी नमस्कारांचा उल्लेख करताच स्टेथोस्कोप कानाला लावून म्हणाल्या, ‘मग बैठक मारता येत असेलच. खाली बसा, आणि मी सांगितल्यावर उभ्या राहा.’ मी पाच महिन्यांनी पहिली बैठक मारली ती त्या तपासणीच्या खोलीत. मी खाली बसले असताना त्यांनी ऐकले, उभी राहिल्यावर ऐकले, पुन्हा बसवले, पुन्हा उभे केले. हे त्यांनी का केले, ते समजल्यावर माझे पुढचे सगळे सोपे झाले, म्हणून ते जसे समजले तसे मांडते.

हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये मायट्रल झडप असते. तिला दोन पाकळ्या असतात. ख्रिस्ती बिशपच्या दोन टोकांच्या उंच टोपीशी तिचा आकार जुळतो, म्हणून तिला ते नाव मिळाले. आमच्या जुन्या वाड्याच्या दोन फळ्यांच्या दरवाजाचे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. खालचा कप्पा आकुंचन पावून रक्त शरीरात ढकलतो, तेव्हा हे दार घट्ट मिटायला हवे, आणि फळ्या चौकटीच्या पलीकडे जाऊ नयेत म्हणून त्यांना खालून बारीक दोऱ्यांसारख्या तंतूंनी धरलेले असते. माझ्या झडपेची एक पाकळी थोडी सैल आहे. ती मिटताना चौकटीच्या वर फुगते. हा फुगवटा दोन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असला की त्याला प्रोलॅप्स म्हणतात, आणि शंभरांत दोन-तीन माणसांत तो आढळतो. ताणली जाताना पाकळीचा जो बारीक ‘टक्’ आवाज होतो आणि फटीतून मागे जाणाऱ्या रक्ताची जी फुसफुस होते, ती दोन्ही स्टेथोस्कोपमधून ऐकू येतात. १९६३ साली जोहान्सबर्गच्या डॉ. बार्लो यांनी हे आवाज मायट्रल झडपेतूनच येतात हे दाखवून दिले; त्यापूर्वी पुष्कळ डॉक्टर ते हृदयाबाहेरचे आवाज समजत असत.

बैठकीचा संबंध इथे येतो. माणूस उकिडवा बसला की पायांतले रक्त हृदयाकडे ढकलले जाते, खालचा कप्पा जास्त भरतो, तंतू ताणलेले राहतात आणि पाकळी उशिरा फुगते; म्हणून ती फुसफुस आखूड होते. माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते, कप्पा थोडा लहान होतो, तंतू ढिले पडतात, आणि पाकळी लवकर फुगून फुसफुस लांबते. डॉक्टरबाईंनी माझ्या बैठकीत नेमका हाच फरक ऐकला आणि निदान पक्के केले. त्या म्हणाल्या, ‘तुमच्या झडपेला भरलेले हृदय आवडते, एवढे लक्षात ठेवा.’ व्यायामाचे जे नियम मी आज पाळते, ते जवळपास सगळे या एका वाक्यातून निघालेले आहेत.

इको पुन्हा झाला. आकडे पहिल्या अहवालाइतकेच होते: हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता ६४ टक्के, डाव्या वरच्या कप्प्याचे माप ३६ मिलिमीटर, फुप्फुसांतील रक्तवाहिनीचा दाब नेहमीसारखा, गळती सौम्य. म्हणजे झडप जिथे होती तिथेच होती. धाप लागली होती ती पाच महिने बसून राहिल्यामुळे. आणि वाढलेला रक्तदाब ही खरी काळजीची गोष्ट होती, कारण समोरचा दाब जितका जास्त, तितके रक्त पुढे जाण्याऐवजी फटीतून मागे जाण्याची शक्यता जास्त. झडपेला जपण्यासाठी मी जे केले, त्यानेच झडपेवरचा भार वाढवला होता. हे ऐकून मला रडू आले, आणि डॉक्टरबाईंनी घाई न करता मला रडू दिले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

व्यायाम सुरू करण्यापूर्वी दोन चाचण्या झाल्या. २४ तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या सलग नोंदीत, अंगाला चिकटवलेल्या तारांसह मी एक पूर्ण दिवस बँकेत काम केले. दिवसभरातल्या सुमारे एक लाख ठोक्यांत २१२ ठोके अवेळी पडलेले निघाले, आणि एवढे कोणाच्याही हृदयात निघू शकतात असे मला सांगण्यात आले. दुसरी चाचणी टीएमटी, म्हणजे चालत्या पट्ट्यावरची. तीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात: सुरुवातीला ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग साडेपाच आणि १४ टक्के. मी ७ मिनिटे ४० सेकंद टिकले, नाडी १६६ पर्यंत गेली, आणि त्या संपूर्ण वेळात ठोक्यांची लय बिघडली नाही. घरच्यांच्या आग्रहापेक्षा, डॉक्टरांच्या शब्दांपेक्षाही, त्या कागदाच्या लांब पट्टीने माझी भीती अधिक कमी केली, कारण इतका जोर लावूनही हृदय सरळ चालले हे मी स्वतः पाहिले होते. सौम्य गळती, नियमित लय, कप्प्यांची मापे योग्य आणि पूर्वी कधीही बेशुद्धी नाही, अशा माणसाला व्यायामाची बंदी नसते, हे मला त्या दिवशी कळले.

सुरुवात मात्र हळू करायची होती. पहिला महिना कमाटीबागेत सपाट रस्त्यावर २० मिनिटे चालणे, त्यातली पहिली आठ मिनिटे अगदी सावकाश. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली वसवलेल्या या बागेत सकाळी सहा वाजता निम्मे गाव भेटते, आणि चालताना बोलता येते की नाही हीच मोजपट्टी मला दिलेली होती: पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग योग्य, वाक्य मध्येच तुटले तर कमी करायचा. माझ्यासोबत चालणाऱ्या वहिनींना मी दर फेरीत काहीतरी सांगत राहिले, आणि तिसऱ्या महिन्यात ४० मिनिटे झाली तरी वाक्ये तुटत नव्हती. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी आता पाच दिवसांत २०० मिनिटे चालते. चार महिन्यांत रक्तदाब गोळीशिवाय १२२/७८ वर आला.

नमस्कारांकडे मी अधिक काळजीने वळले. माझे आजोबा प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात जात असत, आणि वडिलांनी आम्हा भावंडांना नमस्कार शिकवले ते आजोबांच्या पद्धतीने: प्रत्येक नमस्काराला सूर्याचे एक नाव मोठ्याने घ्यायचे, आणि आवाज अडखळला तर तो नमस्कार मोजायचा नाही. लहानपणी मला ती निव्वळ शिस्त वाटे. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारे रक्त अडते, कप्पा रिकामा राहतो आणि रक्तदाब एकदम चढतो-उतरतो, हे समजल्यावर त्या शिस्तीतला अर्थ उलगडला. तोंडाने नाव घेणाऱ्या माणसाला श्वास कोंडताच येत नाही. मी सहा नमस्कारांपासून सुरुवात केली, बारावर सहा महिने राहिले, आणि आता पुन्हा २४ घालते. वाकलेल्या स्थितीतून उभे राहताना एक श्वास थांबते, कारण एकदम उठल्यास मला कधी कधी अंधारी येते.

श्वास कोंडण्यावरूनच एका व्यायामशाळेत माझा खटका उडाला. स्नायूंच्या ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस वजने वापरायला हरकत नव्हती, म्हणून मी तिथे नाव घातले. तिथल्या तरुण शिक्षकाने मला मोठे वजन देऊन ‘श्वास भरून धरा आणि उचला’ असे सांगितले. मी नकार दिला आणि कारणही सांगितले. त्यावर त्याने ‘हार्ट पेशंट इथे नको’ असे सर्वांसमोर म्हटले. मला फार वाईट वाटले. पण त्या मुलाला माझ्या झडपेची माहिती असण्याचे कारण नव्हते, ती सांगण्याची जबाबदारी माझी होती आणि मी ती पहिल्याच दिवशी पार पाडायला हवी होती. आता मी घरीच दोन-तीन किलोची डंबेल्स वापरते, १२ ते १५ वेळा, वजन उचलताना मोठ्याने आकडा म्हणत.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र मी चुकले. वडोदऱ्यात पारा ४० च्या वर होता, बँकेत वर्षअखेरीची राहिलेली कामे चालली होती, दिवसभरात पाणी जेमतेम दोन पेले आणि चहा चार कप झाला होता, आणि सर्दी म्हणून मी दुकानातून आणलेली एक गोळी घेतली होती. संध्याकाळी बागेत तिसऱ्या फेरीला छातीत मासोळी उलटल्यासारखे धडधडू लागले. मी बाकावर बसले, पाणी प्यायले, आणि पंधरा मिनिटांत ते थांबले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी ईसीजी काढून, सारे ऐकून घेऊन, मला एकेक गोष्ट समजावली. पाणी कमी म्हणजे रक्ताचे आकारमान कमी, म्हणजे हृदय कमी भरलेले, म्हणजे पाकळी लवकर फुगणार. चहाने ठोके आणखी चाळवतात. आणि नाक मोकळे करणाऱ्या अनेक गोळ्यांत फेनिलएफ्रिनसारखी औषधे असतात, जी रक्तदाब वाढवतात. तेव्हापासून उन्हाळ्यात माझ्याबरोबर ताकाची बाटली असते, व्यायाम सूर्योदयापूर्वी होतो, आणि सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेत नाही. व्यायाम संपवतानाही मी एकदम थांबत नाही. शेवटची पाच मिनिटे सावकाश चालते, कारण पोटऱ्यांचे स्नायू हलत असतात तोवर ते रक्त वर ढकलत राहतात.

कोणत्या लक्षणांनी थांबायचे आणि लगेच दवाखाना गाठायचा, हेही मला स्पष्ट सांगितलेले आहे: व्यायाम करताना शुद्ध हरपणे किंवा हरपेल असे वाटणे, छातीत दाब, आडवे पडल्यावर धाप लागणे, पायांवर सूज, आणि विश्रांतीनंतरही न थांबणारी धडधड. यांतले पहिले लक्षण सर्वांत गंभीर. प्रोलॅप्स असलेल्या थोड्या माणसांत लयीचे धोकादायक बिघाड असू शकतात, आणि म्हणून होल्टर व टीएमटी झाल्याशिवाय माझ्यासारखा व्यायाम कोणी सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी माझे वेळापत्रक मागितले होते. त्यांची महाधमनीची झडप अरुंद झालेली आहे. तिथे गोष्टच वेगळी असते, जोर लावल्यावर शुद्ध हरपण्याचा धोका असतो. मी त्यांना वेळापत्रक दिले नाही आणि त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. ते थोडे रागावले, पण गेले.

नवरात्राविषयी लिहिले नाही तर वडोदऱ्याची माणसे मला माफ करणार नाहीत. निदान झाले त्या वर्षी मी नऊही रात्री खुर्चीवर बसून होते. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली, आणि इथला गरबा मोठ्या वर्तुळात, गायकांच्या साथीने संथपणे सुरू होऊन हळूहळू चढत जातो, हे माझ्या पथ्यावर पडले. गाण्याचे पालुपद चालीत म्हणता येते तोवर मी आतल्या वर्तुळात असते. फक्त बोलता येऊ लागले, गाता येईना, की बाहेरच्या सावकाश वर्तुळात येते. बोलणेही तुटू लागले तर बाजूला चालत राहते. दर अर्ध्या तासाने पाणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे नमस्कार बंद, कारण त्या नऊ दिवसांत झोपच पुरत नाही.

दातांची एक गोष्ट राहिली. दाढेचे रूट कॅनाल करताना दंतवैद्यांनी झडपेचे ऐकून आधी प्रतिजैविके घ्यायला सांगितली. तशी पद्धत पूर्वी होती. पण २००७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने ती बदलली, आणि आता ती कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा झडपेचा जंतुसंसर्ग पूर्वी होऊन गेलेल्या अशा मोजक्या रुग्णांसाठीच राहिली आहे. डॉक्टरबाईंनी तसे पत्र दिले, आणि दोन वेळा दात नीट घासण्याबद्दल मात्र मला लहान मुलासारखे बजावले, कारण हिरड्यांतले जंतू रक्तातून झडपेपर्यंत पोहोचू शकतात.

गेल्या महिन्यात तीन वर्षे पूर्ण झाली म्हणून इको झाला. क्षमता ६३ टक्के, कप्पा ३६ मिलिमीटर, गळती सौम्य. पुढचा इको पुन्हा तीन वर्षांनी. हा दोष काही घराण्यांत चालत येतो, म्हणून मी १९ वर्षांच्या मुलीलाही बरोबर नेले होते. डॉक्टरबाईंनी तिलाही बैठक मारायला लावली. ती उभी राहिली तेव्हा त्यांनी बराच वेळ ऐकले आणि म्हणाल्या की फुसफुस नाही, पण एक बारीक ‘टक्’ आहे असे वाटते. तिचा इको येत्या मंगळवारी आहे. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गच्चीवर बारा-बारा नमस्कार घालून मगच निघणार आहोत.